तेहतीस फूट चौरस

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान खांडबारा हे गाव आहे. गुजरातची सीमा तेथून जवळच. त्यामुळे गावातील एखाद्या किराणा दुकानात घटकाभर उभे राहिले तरी मराठी, गुजराती, मावची आणि अहिराणी या चारही भाषा कानी पडतात, आणि चारही भाषांत उधारी मागितली जाते. अशा सीमेवरच्या गावात शब्दही रेल्वेच्या उतारूंसारखे या राज्यातून त्या राज्यात जात-येत असतात. शब्दाचे रूप तेच राहते, अर्थाची गाठोडी मात्र बदलतात. याच गावातील एका जुन्या व्यापारी घरात अशाच एका शब्दावरून दोन सख्ख्या भावांचे बोलणे वर्षभर तुटले होते. तो शब्द होता ‘चौरस’.

घराच्या कर्त्या पुरुषाने संवत २०३१ च्या लाभपंचमीला, म्हणजे १९७४ सालच्या नोव्हेंबरात, चोपड्याच्या शेवटच्या पानावर आपल्या दोन मुलांच्या हिश्शांची याद स्वहस्ते लिहून ठेवली होती. त्यातील एक ओळ अशी होती, की दुकानामागील विहिरीलगतची ३३ फूट चौरस जागा धाकट्याची. पुढे थोरले चिरंजीव व्यवसायासाठी सुरतेस गेले आणि धाकटे दुकान सांभाळून गावातच राहिले. वडील निवर्तल्यानंतरही कित्येक वर्षे ती याद कोणी उघडून पाहिली नाही, कारण तशी गरजच पडली नाही. दुकानासह सर्व मिळकतीला गिऱ्हाईक आले तेव्हा थोरल्यांच्या चिरंजीवाने वाटणीपत्राचा मसुदा संगणकावर तयार केला आणि त्यात लिहिले, ‘३३ चौरस फूट’.

मुलाच्या मनात कपट नव्हते. त्याने फक्त दोन शब्दांची अदलाबदल केली होती, आणि आजच्या वाचकाला ती अदलाबदल जाणवणारही नाही. परंतु ३३ चौरस फूट म्हणजे किती? सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशी एक खाट १८ चौरस फूट जागा व्यापते. म्हणजे वडिलांनी धाकट्या मुलाला दोन खाटाही मावणार नाहीत एवढी जागा दिली, असा त्या मसुद्याचा अर्थ झाला. उलट ‘३३ फूट चौरस’ म्हणजे प्रत्येक बाजू ३३ फूट असलेली जागा. तिचे क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट होते. शब्दांचा क्रम फिरला आणि जागा तेहतीस पटींनी आकसली. कर्जाच्या तारणाचे कागद ज्यांच्या नजरेखालून गेले आहेत, त्यांना अशा घोटाळ्याचे नवल वाटणार नाही. आकड्यापुढचा शून्य सगळेच तपासून पाहतात, आकड्यामागच्या शब्दाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

धाकट्यांनी सही करण्यास नकार दिला. थोरल्यांना वाटले, जागेचे भाव वाढलेले पाहून हा आता आकडा फुगवतो आहे. धाकट्यांना वाटले, सुरतेच्या बाजारात मोटाभाई वडिलांचे अक्षरही विसरले. संवत्सरी आली. प्रतिक्रमण झाल्यावर दोघांनी दूरध्वनीवर एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले आणि जागेचा विषय दोघांनीही काढला नाही. घरातील वृद्ध माता, जिला सारे ‘बा’ म्हणतात, ती मात्र त्या दिवशी सुनेला एवढेच म्हणाली, “फोन लवकर संपला.”

आता हा ‘चौरस’ शब्द मुळात आला कोठून, ते पाहिले पाहिजे. कारण या घरातील तंट्याचे उत्तर त्याच्या कुळातच दडलेले आहे.

संस्कृतात ‘अश्रि’ किंवा ‘अस्र’ म्हणजे कोपरा, कड. ज्याला चार कोपरे आहेत ते चतुरस्र. हा शब्द ‘चतुरश्र’ असाही लिहिला जातो. यज्ञवेदींची मापे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत चारही बाजू व चारही कोन सारखे असलेल्या आकृतीला समचतुरश्र आणि लांबोड्या आकृतीला दीर्घचतुरश्र म्हटले आहे. प्राकृतात याच शब्दाची ‘चउरस्स’ व ‘चउरंस’ अशी रूपे झाली, आणि त्यांतून मराठीचा व हिंदीचा ‘चौरस’ आणि गुजरातीचा ‘चोरस’ जन्मले. तीन सख्ख्या बहिणी तीन घरी दिल्या की त्यांच्या चालीरीती बदलतात, तसेच या शब्दांचेही झाले. मराठीत चौरस म्हणजे समान बाजूंची काटकोनी आकृती. गुजरातीतही तोच अर्थ आहे, शिवाय पांघरण्याच्या जाड चादरीला तेथे ‘चोरसो’ म्हणतात. हिंदीत मात्र चौरस म्हणजे सपाट, समतल. हिंदी भाषकाला आकृती सांगायची असेल तर तो ‘वर्ग’ म्हणतो आणि जागा ‘वर्ग फुटां’त मोजतो. आपल्याकडे वर्ग म्हटले की आधी शाळेतील खोली आठवते आणि मग संख्येचा वर्ग. आर्यभटाने मात्र इ. स. ४९९ मध्येच आकृती आणि संख्या यांची सांगड घातली होती. त्याच्या मते समान बाजूंचा चतुरश्र म्हणजे वर्ग, त्याचे फळ म्हणजेही वर्ग आणि दोन समान संख्यांचा गुणाकार म्हणजेही वर्गच.

‘फळ’ हा शब्दही येथे सहज आलेला नाही. आपल्या प्राचीन गणितज्ञांनी कोणत्याही आकृतीला ‘क्षेत्र’, म्हणजे शेत म्हटले, आणि त्या शेतातून जे हाती येते ते क्षेत्रफळ. प्रथम आकृती, नंतर तिचे फळ, हा तो क्रम आहे. चौरस हे आधी आकाराचे नाव होते. मापाच्या मागे लागून ते एककाचे नाव झाले ते पुढे. म्हणून जुन्या लिखाणात ‘३३ फूट चौरस’ असे शब्द आले, की त्यात आकार सांगितला आहे असे समजावे, आणि ‘३३ चौरस फूट’ असे असेल तर फळ सांगितले आहे असे समजावे. इंग्रजी दस्तऐवजांतही हाच फरक शब्दांच्या क्रमावर अवलंबून असतो आणि तेथेही तो वकिलांना पुरेसे काम देतो.

जैन वाचकाला तर हा शब्द परका वाटण्याचे कारणच नाही. व्याख्याप्रज्ञप्तीत, म्हणजे भगवतीसूत्रात, पुद्गलाच्या आकारांची जी पाच संस्थाने सांगितली आहेत ती अशी: परिमंडल, वृत्त, त्र्यस्र, चतुरस्र आणि आयत. अर्धमागधीत परिमंडल, वट्ट, तंस, चउरंस आणि आयत. यांपैकी ‘आयत’ हा शब्द आज महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाच्या कंपासपेटीपर्यंत पोहोचला आहे. खांडबाऱ्याच्या शाळेत आयताची परिमिती काढणाऱ्या मुलीच्या तोंडी तोच शब्द असतो, जो तिच्या आजीच्या घरी महाराजसाहेब व्याख्यानात उच्चारतात. दोघींनाही हे ठाऊक नसते, ही गोष्ट वेगळी.

याहून अर्थपूर्ण आहे ते समचतुरस्र संस्थान. नामकर्माच्या प्रकृतींत शरीराच्या आकाराची सहा संस्थाने येतात: समचतुरस्र, न्यग्रोधपरिमंडल, सादी, कुब्ज, वामन आणि हुंडक. तीर्थंकरांचे संस्थान समचतुरस्र असते, आणि आगमात इंद्रभूती गौतमांचे वर्णन येते तेथेही हेच विशेषण योजलेले आहे. पाठशाळेतील मुले हे नाव पाठ करतात आणि मनातल्या मनात चौकोनी खोक्यासारखे शरीर डोळ्यांपुढे आणतात. काही हसतातही. परंतु या नावाचे स्पष्टीकरण मोठे सुंदर आहे. पालथी घालून स्थिर बसलेल्या देहाची चार अंतरे मोजावयाची. एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतचे एक, उजव्या खांद्यापासून डाव्या गुडघ्यापर्यंतचे दुसरे, डाव्या खांद्यापासून उजव्या गुडघ्यापर्यंतचे तिसरे आणि आसनापासून ललाटापर्यंतचे चौथे. ही चारही समान असतील तर ते समचतुरस्र संस्थान. येथे भूमितीचा काटेकोर चौरस अभिप्रेत नाही, कारण चौरसाचा कर्ण त्याच्या बाजूइतका कधीच नसतो. येथे अभिप्रेत आहे ती प्रमाणबद्धता, म्हणजे कोणत्याही अंगाने उणे वा अधिक नसणे. जिनमूर्ती घडविणारा शिल्पी आजही हीच अंतरे दोरीने ताडून पाहतो.

या अर्थाची वाट केवळ आगमांतूनच जाते असे नाही. कालिदासाने कुमारसंभवात नवयौवनात आलेल्या पार्वतीच्या देहशोभेला चतुरस्र म्हटले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाचे तीन आकार आहेत, विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र. तालशास्त्रातही चतुरस्र जाती आहे. सर्वत्र भाव एकच, की चारही अंगांनी नीट बसलेले. आहारतज्ज्ञ ‘चौरस आहार’ म्हणतात तेव्हा ताट चौकोनी असावे असे त्यांना म्हणावयाचे नसते. ताटातील कोणतेही अंग दुबळे नसावे, एवढाच त्यांचा आशय असतो.

म्हणूनच सत्कार समारंभांतील मानपत्रे वाचताना जीव कासावीस होतो. दहांपैकी आठ मानपत्रांत सत्कारमूर्तींचे व्यक्तिमत्त्व ‘चतुरस्त्र’ असते. त या अक्षराची एक जादा जोड लागते आणि बिचाऱ्या समाजसेवकाच्या हाती चार अस्त्रे येतात! अहिंसेचे व्रत घेतलेल्या समाजाने तरी ही शस्त्रसज्जता टाळावयास हरकत नाही. शब्द आहे ‘चतुरस्र’, अस्र म्हणजे कोपरा. आणि ‘चतुर’ या शब्दाशीही त्याचा संबंध नाही. हुशार मनुष्य चतुरस्र असेलच असे नव्हे, आणि बाजारात तर अनेकदा नसतो.

आपल्या गणिताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी नववे शतक विसरू नये. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. १९१२ मध्ये मद्रासहून एम. रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत हिंदी अनुवादासह आणला. त्यातील क्षेत्रगणितात सोळा आकृती आहेत. त्रिभुजाचे तीन प्रकार, चतुर्भुजाचे पाच आणि वृत्ताचे आठ. सगळ्यांत लक्षात राहण्याजोगी गोष्ट ही, की आचार्य क्षेत्रफळ दोन रीतींनी काढावयास सांगतात. एक व्यावहारिक फळ, जे बाजारात व शेतात चालते, आणि दुसरे सूक्ष्म फळ, जे खरे. दोन्हींत फरक पडतो हे ते लपवीत नाहीत आणि व्यवहाराला कमीही लेखत नाहीत. व्यापारी समाजात वाढलेल्या माणसाला हे वाचून आपल्याच घरचे कोणी बोलत आहे असे वाटते.

चतुर्भुज आणि चतुरस्र या दोन नावांतही एक बारीक भेद आहे. भुज म्हणजे बाहू, बाजू. अस्र म्हणजे कोपरा. एक नाव आकृतीकडे बाजूंवरून पाहते, दुसरे कोपऱ्यांवरून. चारही बाजू समान असल्या म्हणजे आकृती चौरस झालीच असे नाही. खाटेचा सांगाडा सैल झाला की त्याच्या बाजू तेवढ्याच राहतात, पण तो एका अंगाला कलंडतो. अशा आकृतीला आपल्या पाठ्यपुस्तकांत समभुज चौकोन म्हणतात. बाजू इमानदार, कोपरे मात्र फितूर! म्हणून जाणता गवंडी केवळ बाजू मोजून थांबत नाही. तो कोपऱ्याला गुण्या लावतो आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी ताणून दोन्ही कर्ण ताडून पाहतो. कर्ण समान असले तरच चौकोन काटात. उजव्या खांद्यापासून डावा गुडघा आणि डाव्या खांद्यापासून उजवा गुडघा, ही समचतुरस्र संस्थानाची मधली दोन मापे म्हणजे कर्णांचीच तर तपासणी आहे.

खांडबाऱ्याच्या घरात हा सारा ऊहापोह झाला तो शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त गणित शिक्षकांमुळे. दिवाळीत थोरले सहकुटुंब गावी आले होते. लाभपंचमीला चोपडापूजन झाल्यावर बांनी स्वतःच जुना चोपडा पाटावर आणून ठेवला आणि सरांना बोलावणे धाडले. दोन्ही भाऊ मान खाली घालून बसले होते.

सरांनी ओळ वाचली आणि थोरल्यांना विचारले, “शेठ, एक गुंठा म्हणजे किती?”

“एक हजार एकोणनव्वद फूट,” थोरले म्हणाले. जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला हा आकडा झोपेतही येतो.

“आणि तेहतीस गुणिले तेहतीस?”

थोरल्यांनी उत्तर दिले नाही. त्यांच्या मुलाने मोबाईलवर गुणाकार केला आणि तो फोन वडिलांपुढे धरला.

गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा हिस्सा, १२१ चौरस वार. जुन्या मोजणीत जमीन साखळीने मोजत. गंटरची ती साखळी ६६ फुटांची. अर्धी साखळी म्हणजे ३३ फूट. लांबीला अर्धी साखळी आणि रुंदीला अर्धी साखळी घेतली की नेमका एक गुंठा होतो. वडिलांनी ३३ हा आकडा हवेतून काढलेला नव्हता. मोजणीचा हिशेब जाणणाऱ्या त्यांच्या पिढीसाठी ‘३३ फूट चौरस’ हे ‘एक गुंठा’ म्हणण्याचेच दुसरे रूप होते. आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले आहेत. तो आरही मुळात चौरसच आहे, दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे गुंठ्याहून किंचित लहान. साखळी गेली, फूट मागे पडला, तरी जमीन मोजणारा माणूस अद्याप चौरसातच मोजतो.

थोरले बराच वेळ चोपड्याकडे पाहत राहिले. मग धाकट्यांकडे न पाहता म्हणाले, “बापूजींचे अक्षर मी ओळखले नाही असे तुला वाटले का?”

“मोटाभाई, अक्षर तुम्ही ओळखलेत. ओळ मुलाने वाचली,” धाकटे म्हणाले.

दुपारी मोजणी करायचे ठरले. गावातील एक वयस्क गवंडी टेप आणि दोरी घेऊन आला. विहिरीलगतची एक बाजू ३३ फूट भरली. दुसरी ३३. तिसरी, चौथीही ३३. जुन्या माणसांनी ठोकलेले दगड तसूभरही हललेले नव्हते. धाकट्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागले. तोच गवंड्याने दोरी कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ताणली. एक कर्ण ४६ फूट भरला आणि दुसरा ४७ फूट ४ इंच. खरा चौरस असता तर दोन्ही कर्ण ४६ फूट ८ इंचांच्या आसपास यावयास हवे होते.

“शेठ, ही जागा काटात नाही,” गवंडी म्हणाला. “कलली आहे.”

थोरल्यांच्या मुलाला हसू आवरेना. वर्षभर ज्या शब्दावरून घरात अबोला होता, तो शब्दच त्या जागेला लागू पडत नव्हता! तेहतीस फूट होते, पण चौरस नव्हते. सरांनी मातीत काडीने आकृती काढून दाखविले, की समभुज चौकोनाचे क्षेत्रफळ दोन कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. ४६ गुणिले ४७ फूट ४ इंच, भागिले दोन. उत्तर आले सुमारे १०८८.७ चौरस फूट. म्हणजे व्यावहारिक फळ १०८९, आणि सूक्ष्म फळ त्याहून चौरस फुटाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने कमी. एका पुस्तकाच्या पानाएवढ्या तुकड्यांत सांगायचे तर चार तुकडेही भरणार नाहीत.

“मग मसुद्यात काय लिहू?” मुलाने विचारले. “चौरस लिहिले तर ते खोटे. समभुज चौकोन लिहिले तर दुय्यम निबंधकांच्या कचेरीत कोणाला कळायचे नाही.”

“आकार लिहूच नकोस,” सर म्हणाले. “क्षेत्र एक गुंठा लिही आणि चतुःसीमा लिही. जुन्या कागदांत तेच असते.”

ओटीवर बा बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांवर कार्तिकातल्या संध्याकाळचा चोरसो होता. कोणी न विचारताच त्या म्हणाल्या, “जागा तिरपी आहे हे मला ठाऊक होते. विहीर खणली तेव्हा खालचा खडक टाळण्यासाठी तुमच्या बापूजींनी दोन दगड सरकवले होते.”

“मग बोलल्या का नाहीत?” दोघे भाऊ एकदमच म्हणाले.

“मला कोणी विचारले?”

थोरल्यांनी मुलाच्या हातून कागद घेतला, चष्मा पुसला आणि स्वतःच्या अक्षरात लिहावयास आरंभ केला. पूर्वेस सामायिक विहीर. दक्षिणेस बोळ. पश्चिमेशी येऊन त्यांची लेखणी थांबली आणि त्यांनी धाकट्यांना विचारले, “पश्चिमेला तो लिंबाचा वृक्ष अजून आहे का रे?”

“आहे. पण वाळवी लागली आहे.”

“तरी लिहितो,” थोरले म्हणाले, आणि त्यांनी लिहिले.